पाण्याचा पुनर्वापर झाला, नायट्रोजनचा हिशेब राहिला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहराचे सांडपाणी प्रक्रिया करून शेतीला, बागांना, हिरवळीला किंवा भूजल पुनर्भरणाच्या तळ्यांना दिले, की प्रकल्पाच्या अहवालात ‘नदीत विसर्ग : शून्य’ असा रकाना भरला जातो. पाइपापुरते ते खरे असते, नदीपुरते नसते. सांडपाण्यातला नायट्रोजन, जो नदीत शेवाळ माजवतो, मातीत बहुधा नायट्रेटच्या रूपात येतो. मातीचे कण बहुतांशी ऋणभारित आणि नायट्रेटही ऋणभारित. त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही, पाणी झिरपेल तिकडे ते जाते. नदीच्या खोऱ्यात भूजलाचा उतार बहुतेक ठिकाणी नदीकडेच असतो. याच्या अगदी उलट टोकाला, प्रकल्पातून निघालेला सगळा नायट्रोजन नदीत पोचतो असे मानून आरोप करणारेही आहेत. दोन्ही बाजू मोजमाप न करता बोलतात. प्रत्यक्षात नदीपर्यंत किती पोचते याचा अंदाज बांधण्याची पद्धत ठरलेली आहे आणि सामान्य वाचकालाही कळण्यासारखी आहे. ती इथे मांडतो, म्हणजे त्या शून्याबद्दल नेमके प्रश्न विचारता येतील.

सर्वात जास्त चुका पहिल्याच पायरीवर, एककांत होतात. एकूण नायट्रोजन म्हणजे केल्डाल नायट्रोजन, नायट्राइट आणि नायट्रेट यांची बेरीज. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ साली धान्यातील प्रथिने मोजण्यासाठी ही पद्धत काढली. तिच्यात सेंद्रिय नायट्रोजन आणि अमोनिया येतो, नायट्रेट येत नाही. म्हणून ज्या प्रकल्पात हवा भरपूर दिली जाते आणि अमोनियाचे नायट्रेट उत्तम होते, तिथे केल्डालचा आकडा २ मिलिग्रॅम प्रतिलिटर दिसतो आणि नायट्रेटच्या रूपातले १२ मिलिग्रॅम अहवालाबाहेर राहतात. अमोनियाचे नायट्रेट करणे म्हणजे नायट्रोजन काढणे नव्हे. त्याचे फक्त रूप बदलते. तो खरोखर जातो तो पुढच्या, हवा नसलेल्या टाकीत, जिवाणूंनी नायट्रेटचा नायट्रोजन वायू केल्यावर, किंवा गाळाबरोबर.

दुसरी गफलत याहून साधी आहे. एक प्रयोगशाळा नायट्रेट ‘नायट्रेट म्हणून’ कळवते, दुसरी ‘नायट्रोजन म्हणून’. दोन्हींमध्ये ४.४३ पटीचा फरक आहे. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची ५० मिलिग्रॅमची मार्गदर्शक मर्यादा नायट्रेट म्हणून आहे; नायट्रोजन म्हणून ती सुमारे ११ होते. समजा नायट्रेट म्हणून ४४ आणि केल्डाल ३ आले. कोणी सरळ बेरीज करून ४७ लिहील. खरे उत्तर आहे १३. अहवालाच्या तक्त्यात ‘नायट्रोजन म्हणून’ हे दोन शब्द नसतील, तर त्या तक्त्यावर पुढचा एकही हिशेब करू नये.

नमुना घेण्याबाबतही सांगायला हवे. सकाळी अकराला बादलीभर पाणी घेऊन महिन्याचा आकडा निघत नाही, कारण शहरातून येणारा अमोनिया सकाळच्या वापरानंतर चढतो आणि पहाटे उतरतो. चोवीस तासांचा, प्रवाहाच्या प्रमाणात भरलेला एकत्रित नमुना हवा. बाटली ४ अंशांच्या आसपास थंड ठेवावी. अमोनिया आणि केल्डालसाठी गंधकाम्ल घालून पीएच २ च्या खाली आणावा. नायट्रेट वेगळे मोजायचे तर आम्ल न घातलेली बाटली ४८ तासांच्या आत तपासावी. उन्हात राहिलेल्या बाटलीत जिवाणू आपले काम चालूच ठेवतात आणि प्रयोगशाळा जे मोजते ते बाटलीतले पाणी असते, प्रकल्पातले नव्हे. नमुना निर्जंतुकीकरणानंतरच्या जागेवरून घ्यावा. क्लोरीनमुळे पाण्यात क्लोराइड वाढते आणि क्लोराइडचा उपयोग पुढे फार मोठा आहे.

वजन काढण्याचे गणित तोंडी करता येते. एक दशलक्ष लिटर पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम असेल तर १ किलो. म्हणजे रोज २० दशलक्ष लिटर आणि १५ मिलिग्रॅम असतील तर ३०० किलो रोज. वर्षाची सरासरी तीव्रता गुणिले सरासरी प्रवाह असे मात्र करू नये. पाऊस असताना प्रवाह जास्त आणि तीव्रता कमी असते, कोरड्या दिवसांत उलट. दर दिवसाचे किंवा निदान दर नमुन्याचे वजन आधी काढावे, मग बेरीज करावी.

प्रकल्प आणि शेत यांच्यामध्ये साठवण तळे असेल, तर तिथे पुन्हा मोजावे लागते. उन्हाळ्यात शेवाळ वाढते, दुपारी पाण्याचा पीएच ९ च्या वर जातो आणि अमोनियाचा काही भाग हवेत उडतो. उरलेल्यातला बराचसा शेवाळाच्या पेशींत जातो. हे पाणी गाळून तपासले तर नायट्रोजन कमी झाल्यासारखा वाटतो. न गाळता तपासले तर तो सेंद्रिय रूपात तिथेच सापडतो, आणि शेतात शेवाळ कुजले की पुन्हा नायट्रेट होतो.

आता शेत. इथेच सर्वाधिक लक्ष द्यायला हवे. दिलेल्या पाण्याची खोली मिलिमीटरमध्ये घ्या, तिला तीव्रतेने गुणा आणि १०० ने भागा. हेक्टरी किलो मिळतात. हंगामात ६०० मिलिमीटर पाणी १५ मिलिग्रॅमचे दिले, तर हेक्टरी ९० किलो नत्र, म्हणजे नायट्रोजन, पाण्यातूनच पडले. शेतकऱ्याला ते कोणी सांगितलेच नाही, तर तो गोणीतले १२० किलो नेहमीप्रमाणे टाकतो. एकूण २१०. उदाहरणादाखल धरा की कापणीत १३० किलो शेताबाहेर गेले आणि २५ किलो वायुरूपाने उडाले. मातीतला साठा वर्षाअखेर तेवढाच राहिला, तर ५५ किलो मुळांच्या खाली उतरले. त्या वर्षी मुळांखाली झिरपलेले पाणी २५० मिलिमीटर असेल, तर त्याची तीव्रता ५५ गुणिले १०० भागिले २५०, म्हणजे २२ मिलिग्रॅम. शेतात गेलेले पाणी १५ चे होते, खाली उतरलेले २२ चे आहे. पिकाने पाणी बाष्प करून सोडले आणि नत्र पुरते उचलले नाही, तर मागे राहणारे पाणी असे दाट होते. ‘प्रकल्पाचे पाणी मर्यादेत आहे’ या वाक्याने भूजल मर्यादेत राहील याची हमी मिळत नाही, ती यामुळेच.

या सोप्या ताळेबंदात एक अडचण लपलेली आहे. पिकाची पाण्याची भूक आणि नत्राची भूक एका वेळी लागत नाही. दाणा भरताना पाणी लागते, पण नत्राची उचल तोवर बरीचशी आटोपलेली असते. गोणीतले खत हात आखडून थांबवता येते. पाण्यात विरघळलेले नत्र पाण्याबरोबर येतच राहते. म्हणून वर्षाचा ताळेबंद शून्यावर जुळला तरी झिरप शून्य धरू नये. महिन्यामहिन्याचा ताळेबंद मांडला की हा फरक दिसतो. पाण्याच्या प्रत्येक पाळीबरोबर हेक्टरी किती किलो नत्र गेले याची चिठ्ठी शेतकऱ्याला मिळाली, तर तो खत तेवढे कमी करू शकतो. नदीला वाचवण्याचा यापेक्षा स्वस्त उपाय आम्हाला माहीत नाही.

पावसाच्या महिन्यांत सिंचन बंद होते, शहराचे सांडपाणी मात्र बंद होत नाही. ते पाणी तेव्हा कुठे जाते, हा प्रश्न प्रत्येक प्रकल्पाला विचारावा. पुनर्वापराच्या पाइपांतून होणारी गळतीही हिशेबात धरावी. ती थेट मुळांच्या खाली होते, तिथे नत्र उचलायला पीकच नसते.

मुळांखाली उतरलेले नायट्रेट नदीपर्यंत केव्हा पोचेल? फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम करणारे अभियंता आन्री दार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूच्या स्तंभावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतून निघालेला नियम आजही इथे वापरतात. थराची वाहकता (पाणी वाहू देण्याची क्षमता) गुणिले भूजलाचा उतार, भागिले सच्छिद्रता (थरातल्या पोकळ्यांचा वाटा), म्हणजे पाण्याचा प्रत्यक्ष वेग. वाहकता रोज १० मीटर, उतार हजारात ५ आणि सच्छिद्रता ०.२५ असेल, तर वेग रोज २० सेंटिमीटर येतो. एक किलोमीटरवरच्या नदीला पोचायला ५,००० दिवस, जवळपास १४ वर्षे. भेगांच्या खडकात हेच अंतर काही आठवड्यांत कापले जाऊ शकते. म्हणून प्रकल्प सुरू झाल्यावर तीन वर्षे नदीत काही वाढले नाही, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कदाचित नायट्रेट अजून वाटेत असेल.

वाटेत ते कमी होते का? होते, पण अटींवर. पाण्यातला विरघळलेला प्राणवायू जवळजवळ संपलेला हवा आणि जिवाणूंना खायला कार्बन हवा. लिटरमागे १ मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजनचा वायू करायला साधारण १.०७ मिलिग्रॅम सेंद्रिय कार्बन लागतो. त्याआधी प्राणवायू संपवायलाही कार्बन खर्च होतो, १ मिलिग्रॅम प्राणवायूला सुमारे ०.३८. भूजलात ६ मिलिग्रॅम प्राणवायू आणि जिवाणूंना पचेल असा कार्बन २ मिलिग्रॅम असेल, तर तो सगळा प्राणवायू संपवण्यातच जातो. नायट्रेटच्या वाट्याला काही उरत नाही. नदीकाठच्या काळ्या, दलदलीच्या, सेंद्रिय मातीत कार्बन थरातच असतो आणि तिथे मोठी घट होऊ शकते. पण पाणी त्या थरातून गेले पाहिजे. ते त्याच्या खालच्या वाळूतून नदीच्या तळाशी निघाले, तर काठावरची ती माती काही कामाची नाही.

ही घट मोजायला क्लोराइड उपयोगी पडते. क्लोराइड ना पिकाच्या फारसे कामाचे, ना जिवाणूंच्या. ते पाण्याबरोबर जाते आणि पाण्याएवढेच पातळ होते. उदाहरण पुनर्भरणाच्या तळ्याचे घेऊ, कारण तिथे पिकाची गुंतागुंत नाही. तळ्याच्या पाण्यात क्लोराइड ९० आणि नायट्रोजन १२. वरच्या बाजूच्या, प्रकल्पाचा स्पर्श नसलेल्या विहिरीत क्लोराइड २० आणि नायट्रोजन २. नदीजवळच्या निरीक्षण विहिरीत क्लोराइड ५५. पंचावन्नातून वीस वजा केले, ३५ उरले. त्यांना नव्वद आणि वीसमधल्या फरकाने, म्हणजे ७० ने भागले. विहिरीतले निम्मे पाणी तळ्याचे आहे. मग नायट्रोजन बाराचे निम्मे ६ आणि दोनाचे निम्मे १, असा ७ असायला हवा होता. मोजला तर ४ निघाला. तीन मिलिग्रॅम, म्हणजे ४३ टक्के, वाटेत गेले असे दिसते.

‘दिसते’ म्हणण्याचे कारण आहे. वाटेतल्या शेतांना म्युरिएट ऑफ पोटॅश दिले जात असेल, तर ते खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच आहे. विहिरीतले वाढीव क्लोराइड तिथून आले असेल, तर तळ्याच्या पाण्याचा वाटा फुगतो आणि जी घट झालीच नाही ती कागदावर दिसते. म्हणून क्लोराइडचे उत्तर कार्बनच्या हिशेबाशी ताडून पाहावे. तीन मिलिग्रॅम जायला सव्वातीन मिलिग्रॅमच्या आसपास कार्बन हवा, तो होता का? नसेल तर थरात लोहाचे सल्फाइड आहे का? त्यानेही नायट्रेट कमी होते, पण मग पाण्यात सल्फेट वाढलेले दिसले पाहिजे. नायट्रेटमधल्या नायट्रोजन-१५ आणि ऑक्सिजन-१८ या समस्थानिकांचे, म्हणजे त्याच मूलद्रव्यांच्या जड अणूंचे, प्रमाण दोन्ही एकदम चढले असेल, तर घट खरी असल्याचा तो चांगला पुरावा आहे. सांडपाण्याचे नायट्रेट आणि शेणखताचे नायट्रेट मात्र नायट्रोजन-१५ वरून वेगळे ओळखू येत नाही. त्यासाठी सुक्रलोजसारखा कृत्रिम गोडवा किंवा कार्बामॅझेपिन हे औषध शोधावे. माणसांच्या सांडपाण्यातून येणारे हे पदार्थ सहजी नष्ट होत नाहीत, आणि गुरांच्या शेणात ते नसतात.

निरीक्षण विहिरींबद्दल थोडे. प्रवाहाची दिशा ठरवायला किमान तीन हव्यात आणि त्या एका रेषेत नसाव्यात. तोंडाची उंची सेंटिमीटरपर्यंत सर्वेक्षण केलेली हवी. विहिरीच्या पाइपाचा, पाणी आत घेणारा जाळीचा भाग मीटर-दीड मीटरच असावा. दहा मीटर जाळी लावली की वरचे दूषित आणि खालचे जुने पाणी मिसळते आणि दोन्हींची माहिती जाते. पाइपात साचलेले पाणी आधी उपसून, विद्युतवाहकता स्थिरावल्यावर नमुना घ्यावा. एका जागी दोन-तीन खोलींवर विहिरी असतील तर फारच उत्तम.

शेवटी नदी. वरच्या पुलावर मोजा, खालच्या पुलावर मोजा, वजाबाकी करा, हे सर्वांना सुचते. सेकंदाला १ घनमीटर प्रवाह आणि १ मिलिग्रॅम म्हणजे रोज ८६.४ किलो. वर १० घनमीटर आणि १.२० मिलिग्रॅम, खाली १०.३ आणि १.३० असेल, तर वजाबाकी रोज सुमारे १२० किलो येते. प्रवाहमापनात ५ टक्के आणि प्रयोगशाळेत ५ टक्के चूक ही अगदी चांगल्या कामाची चूक आहे. तेवढी धरली तर उत्तर होते १२०, अधिक-उणे ११०. म्हणजे दहा किंवा दोनशे तीस, काहीही. मोठ्या नदीत ही वजाबाकी एकटी वापरू नये. एका दिवसाच्या एका फेरीवरून तर कधीच नको.

त्यापेक्षा नदीच्या तळाशी जावे. लोखंडी पिंपाचा वरचा किंवा खालचा एक तुकडा कापून घ्यायचा, एक तोंड बंद, दुसरे उघडे. उघडे तोंड खाली करून तो तळाच्या वाळूत दाबायचा. बंद बाजूच्या भोकाला नळी आणि नळीला पातळ प्लॅस्टिकची पिशवी. नदीच्या तळातून वर येणारे भूजल पिशवीत जमते. पिंपाचा व्यास ५७ सेंटिमीटर, म्हणजे पाव चौरस मीटरला किंचित जास्त. सहा तासांत पिशवीत ५१० मिलिलिटर वाढले, तर दर चौरस मीटरला रोज ८ लिटर पाणी वर येते आहे. इतके साधे साधन, पण चुकते कशाने ते माहीत हवे. पिंप दाबल्या दाबल्या मोजले तर ढवळलेल्या तळाचे पाणी मोजले जाते. एक दिवस तसेच ठेवावे. पिशवी पूर्ण रिकामी लावली तर ती फुगण्यातच जोर जातो. आधी थोडे मोजलेले पाणी भरावे. वाहत्या पाण्यात पिशवी हलली की पाणी खेचले जाते. तिला आडोसा हवा. तळातून निघणारा वायू आत अडकू नये म्हणून पिंप किंचित तिरके ठेवून नळीची बाजू उंच करावी. पिशवीतल्या नव्हे, तर पिंपाशेजारी तळात रोवलेल्या बारीक नळीतल्या पाण्याचा नायट्रोजन तपासावा. दोन्ही गुणले की दर चौरस मीटरचे वजन मिळते. अशी वीस ठिकाणे करावीत, कारण शेजारशेजारच्या दोन पिंपांतही दहापट फरक येऊ शकतो. कुठे पिंपे लावायची ते ठरवायला रेडॉन वायूची तपासणी करावी. भूजलात तो भरपूर असतो, उघड्या नदीत लवकर उडून जातो, म्हणून जिथे वाढतो तिथे भूजल आत येते आहे.

एवढे सगळे केल्यावरही उत्तर एका आकड्यात देऊ नये. शेतावर रोज १०० किलो पडतात असे धरा. मुळांखाली १० ते ४० टक्के उतरते, त्यातले वाटेत टिकते ३० ते ८० टक्के. नदीला पोचणारे मग ३ किलोही असू शकते आणि ३२ किलोही. ‘१४ किलो’ असे छापणे म्हणजे न मिळालेली माहिती मिळाल्याचे भासवणे. पट्टा छापावा आणि तो कोणत्या मोजमापाने अरुंद होईल तेही लिहावे. नदीकडे पाहतानाही वर्षाचे टन पुरेसे नाहीत. रोजचे ६० किलो सेकंदाला ५० घनमीटर वाहणाऱ्या नदीत दिसणारही नाहीत. अर्ध्या घनमीटरवर आलेल्या उन्हाळी धारेत तेच १.४ मिलिग्रॅमची वाढ करतात. आणि शेवाळ माजते ते त्याच दिवसांत.

पुनर्वापराला आमचा विरोध नाही. तेच पाणी पाइपाने थेट नदीत सोडण्यापेक्षा शेतात जाणे बहुतेक वेळा नदीच्या हिताचेच असते. पण ‘शून्य’ हा शब्द अहवालातून काढून त्या जागी चार गोष्टी छापल्या जाव्यात, अशी आमची मागणी आहे: नायट्रोजन म्हणून मोजलेले एकूण वजन, शेतांचा मासिक नत्र-ताळेबंद, निरीक्षण विहिरींतील नायट्रेट आणि क्लोराइड एकत्र, आणि नदीला पोचणाऱ्या वजनाचा खालचा-वरचा पट्टा. विहिरींची देखभाल प्रकल्पाच्या पहिल्या तीन वर्षांनंतर थांबवू नये. भूजलाला नदीपर्यंत पोचायला १४ वर्षे लागत असतील, तर विहिरी निदान त्याहून जास्त वर्षे चालू ठेवण्याची तरतूद मंजुरीच्या कागदातच असावी.

आपले नम्र,
सांडपाणी प्रक्रिया व भूजल या विषयांत काम करणारे काही वाचक